डी अँड डी सुरू करायचंय: ३.५, २०१४ की २०२४? ठाणे-नवी मुंबईचा नवा ग्रुप

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. मानपाड्याला सोसायटीचं क्लबहाउस दर रविवारी दुपारी चार ते सात मिळणार आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे फाशांवर चालणारा कथाखेळ, सुरू करतोय. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी, खेळाडू चार: दोघे ठाण्यातले, एक ऐरोलीचा, एक खारघरची. व्हिडिओ सगळ्यांनी पोटभर पाहिलेत, फासा कुणीच टाकलेला नाही.

हाताशी काय आहे ते सांगतो. ३.५ या जुन्या आवृत्तीची तीन मुख्य नियमपुस्तकं एका नातेवाइकाकडून फुकट मिळतायत. एक सेकंडहँडवाला २०१४ चं, म्हणजे पाचव्या आवृत्तीचं, प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक) देतोय. त्याच आवृत्तीची सुधारलेली, २०२४ ची तिन्ही पुस्तकं एकदम घ्यायची तयारी नाही.

प्रश्न: फुकट आहे म्हणून ३.५ ने सुरुवात करावी का? २०१४ आणि २०२४ एकमेकांत चालतात असं ऐकलं, मग थोडं हे थोडं ते चालेल का? आणि मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) नसतील तर अडतं का?

पारसिक_बोगदा
३.५ ची पुस्तकं घ्या, कपाटात ठेवा, वाचायला मजा येईल. पहिल्या टेबलावर आणू नका.

कारण सांगतो. ३.५ हे २००३ चं, २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचं दुरुस्त रूप. त्यात प्रत्येक अधिक-उण्याला एक जात असते. क्लेरिकने (पुजाऱ्याने) ब्लेस हा मंत्र टाकला, हल्ल्याच्या फाशाला +१. बार्डने (शाहिराने) गाणं म्हटलं, +१. दोन्ही मिळून +२ का? नाही, दोन्ही मोराल बोनस, एकच धरायचा. पण फ्लँकिंगचे (शत्रूला दोन बाजूंनी घेरल्याचे) +२ वेगळे, चार्जचे +२ वेगळे, आणि चार्ज केला म्हणून पुढच्या टर्नपर्यंत स्वतःच्या एसीला (वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) −२. आता एसी तरी एक असावा? तीन असतात: साधा, टच आणि फ्लॅटफुटेड. कुणी शत्रूला धरायला गेला की आधी शत्रूचा फुकटचा वार, तो लागला तर प्रयत्न फसला. नाही लागला तर टच अटॅक, तो लागला तर दोघांचा ग्रॅपल चेक (पकडीची चाचणी). टेबलावरच्या पाचही जणांना हे नवीन असेल तर एका झटापटीत अर्धा तास सहज जातो.

डीएमला तर दुप्पट काम. मॉन्स्टरसुद्धा खेळाडूंसारखेच फीट (खास क्षमता) आणि स्किल रँक घेऊन बांधलेले असतात. कॅरेक्टर बनवताना पहिल्या लेव्हलला स्किल पॉइंट चौपट, क्लासबाहेरच्या (पात्राच्या पेशाबाहेरच्या) स्किलला अर्धा रँक. शिवाय सगळे फीट सारख्या तोलाचे नाहीत. टफनेस घेतला की फक्त ३ हिट पॉइंट (मार सोसायची ताकद), जन्मभर. नवखा माणूस नेमका तोच घेतो.

ज्यांना आठवडाभर घरी बसून कॅरेक्टर घडवण्यातच रस आहे त्यांच्यासाठी ३.५ सारखी चीज नाही, हेही खरं.

तलावपाळी
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन.

घोडबंदरकर, तुम्ही गृहीत धरलंय की २०२४ म्हणजे तीन पुस्तकं. तसं नाही. २०२४ च्याच मूळ नियमांची एसआरडी ५.२ नावाची पीडीएफ एप्रिल २०२५ पासून अधिकृतपणे फुकट आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली. साडेतीनशेच्या वर पानं. खेळण्याचे सगळे मूळ नियम, बाराही क्लास, प्रत्येकाची एकेक सबक्लास, स्पेल, जादूच्या वस्तू आणि मॉन्स्टर, सगळं एकाच फाइलमध्ये. छापा, वाटा, मराठीत टिपणं करून ग्रुपमध्ये फिरवा. श्रेयाची ओळ टाकली की झालं. टेलिग्रामवरच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांची गरजच उरत नाही.

त्यात बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) चारच आहेत: अकोलाइट, क्रिमिनल, सेज, सोल्जर. लोक कुरकुरतात, पण क्लेरिक, रोग, विझार्ड, फायटर या चार क्लासना ते एकास एक बसतात. तुमच्याकडे खेळाडूही चारच. आणखी काय हवं?

जुनी_वही
नवीन ग्रुपला एकदम पाचवी आवृत्ती का शिकवता हेच मला कळत नाही. डी अँड डीचाच १९८१ चा बेसिक-एक्स्पर्ट संच पाहा, किंवा त्याचंच नीट मांडलेलं आजचं रूप ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स. त्याचे बेसिक नियम फुकट आहेत. बेसिक फँटसी तर आख्खा गेम फुकट.

३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) सहा वेळा टाकायचे, आले तसे ओळीने लिहायचे, क्लास निवडायचा, सामान घ्यायचं. दहा मिनिटांत माणूस तयार. स्किलची यादी नाही, फीट नाहीत. विझार्डला दिवसाला एक स्पेल, त्यामुळे विझार्डवाल्याची वाट बघत बसावं लागत नाही. दहा मिनिटांचा एक टर्न, मशाल सहा टर्न जळते, दर दोन टर्नला डी६ टाकायचा, १ आला की भटकतं जनावर. एवढ्यावर घड्याळासारखा खेळ चालतो. एक्सपी (अनुभवाचे गुण) मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्याचे. त्यामुळे मंडळी मारामारी टाळून डोकं चालवायला लागतात.

तुमच्या ग्रुपला एक वेगळा फायदाही आहे. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. ट्रान्स-हार्बर बंद असली की खारघर गळालं. या पद्धतीत प्रत्येक खेळ गावातून निघून गावात परत येऊन संपवायचा असतो. जो आला तो मोहिमेवर, नाही आला तो सरायीत. कथेचं काही अडत नाही.

पारसिक_बोगदा
मेगाब्लॉकचा मुद्दा बिनतोड. पण त्याला १९८१ सालात कशाला जायला हवं? गावाबाहेर एकच पडका किल्ला, दर रविवारी एक फेरी, हे २०२४ च्या नियमांनीही तितकंच जमतं.

जुन्या पद्धतीची खरी अडचण नवख्या डीएमची असते. खेळाडू म्हणतो, "मूर्तीचा हात वळवून बघतो." नियमात उत्तर नाही, डीएमने तिथल्या तिथे ठरवायचं. मुरलेल्याला हे आवडतं, पहिल्यांदा बसलेला गांगरतो. आणि शून्य हिट पॉइंट म्हणजे मरण. मॅजिक-यूजरचे (विझार्डचे) हिट पॉइंट डी४. पहिल्या अर्ध्या तासात दोघे गेले की व्हिडिओ बघून आलेली पोरं पुढच्या रविवारी येत नाहीत.

जुनी_वही
गेले तर गेले, दहा मिनिटांत दुसरा माणूस तयार होतो, हेच तर म्हणतोय. आणि प्रत्येक भेट म्हणजे लढाई हेही डोक्यातून काढा. समोर कोणी आलं की आधी २डी६ चा रिअॅक्शन रोल, निम्म्या वेळा बोलणी होतात. लढाई जुंपली तरी पहिला साथीदार पडला की शत्रूचा मोराल (धीर) बघायचा, २डी६ त्यांच्या आकड्यापेक्षा जास्त आला की ते पळत सुटतात. हे दोन नियम न वापरता जो जुना गेम चालवतो त्याच्याच टेबलावर माणसं पटापट मरतात.

शिळफाटा
पाथफाइंडर २ या अशाच दुसऱ्या गेमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर अधिकृतपणे फुकट. टर्नला तीन अॅक्शन, हव्या तशा खर्च करा. टार्गेटच्या १० वर गेलात तर क्रिटिकल, १० खाली गेलात तर क्रिटिकल फेल.

तलावपाळी
गेम उत्तम. पण एकाच टर्नमध्ये दुसऱ्या वाराला −५ आणि तिसऱ्याला −१० असतात हे नवखा विसरतो, तीनदा तलवार फिरवतो आणि "लागतच नाही" म्हणून बसतो. त्यातच जायचं तर बिगिनर बॉक्स घेऊन जावं, नुसत्या साइटवरून शिकू नये.

पनवेल_फास्ट
चौथी आवृत्ती राहिली. :)

पारसिक_बोगदा
अवांतर: चौथी, २००८ ची, लढाईला फार सुबक आहे, पण चौकटीच्या नकाशाशिवाय हलत नाही. सुरुवातीच्या मॉन्स्टरना हिट पॉइंट भरपूर आणि मार कमी, त्यामुळे लढाया लांबतात. तीन तासांच्या स्लॉटला नको. धागा भरकटायच्या आत पुढे जाऊ.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार. ३.५ रद्द. पण मिसळण्याचा प्रश्न तसाच आहे. २०१४ चं हँडबुक स्वस्तात मिळतंय, शिवाय २०१४ च्या स्टार्टर सेटची साहसपुस्तिकाही तो देतोय. एसआरडी ५.२ चे नियम आणि ती पुस्तिका असं केलं तर?

खारफुटी
नियम एका आवृत्तीचे आणि साहस दुसरीचं, हे चालतं. खेळाडूंकडे दोन आवृत्त्यांचे नियम, हे चालत नाही. फरक कुठे टोचतो ते बघा.

झोपेचा स्पेल घ्या, स्लीप. २०१४ मध्ये ५डी८ टाकायचे, सरासरी २२, आणि कमी हिट पॉइंटवाल्यांपासून तितके हिट पॉइंट झोपवत जायचं. सेव्ह (वाचण्यासाठीचा फासा) नाही. २०१४ च्या गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) ७ हिट पॉइंट, म्हणजे सरासरी फाशावर तीन गॉब्लिन आडवे. २०२४ मध्ये हाच स्पेल विस्डम सेव्ह मागतो. सेव्ह चुकला तर शत्रू आधी नुसता निष्क्रिय होतो, त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटी पुन्हा चुकला तर झोपतो. एकाच टेबलावर दोघांनी दोन पुस्तकांतून हा स्पेल वाचला तर भांडण ठरलेलं.

औषधाची बाटली घ्या. ३.५ मध्ये प्यायला स्टँडर्ड अॅक्शन, वर शेजारच्या शत्रूचा फुकट वार. २०१४ मध्ये अॅक्शन लागते पण फुकट वार नाही. २०२४ मध्ये बोनस अॅक्शन, म्हणजे पिऊन वारही करता येतो. इंटरनेटवर शोधलं की तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी येतात आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचं उचलतो. म्हणून टेबलावर एकच नियम: उत्तर फक्त छापलेल्या पीडीएफमधून.

क्युअर वूंड्स १डी८ होता, आता २डी८. पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) स्माइट हा जोरदार वार आता स्पेल झाला, बोनस अॅक्शन खातो. थकव्याची सहा पायऱ्यांची यादी होती, आता प्रत्येक पायरीला डी२० च्या चाचण्यांवर सरळ −२. सबक्लास आता सगळ्यांना तिसऱ्या लेव्हललाच. गुणांची वाढ वंशावर होती, ती बॅकग्राउंडवर आली.

सर्वात घोळ होतो लढाईच्या हिशोबात. त्या पुस्तिकेची पहिली लढाई म्हणजे चार गॉब्लिनचा छापा. २०१४ च्या हिशोबाने एका गॉब्लिनचे ५० एक्सपी, चारांचे २००, तीन ते सहा शत्रू असले की दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चार जणांसाठी डेडलीची (जीवघेण्या लढाईची) रेषा नेमकी ४००. लोक म्हणतात "पहिल्याच लढाईत सगळे मेले", त्याचं कारण हे. २०२४ मध्ये ती दुपटीची पद्धत नाही. तिथे माणशी लो ५०, मॉडरेट ७५, हाय १००. तेच चार गॉब्लिन, तेच २००, उत्तर लो. हे २०२४ ची कॅरेक्टर जरा दणकट असतात आणि मॉन्स्टरही नवे धरलेत म्हणून. २०१४ ची कॅरेक्टर घेऊन २०२४ चा हिशोब लावलात तर पुस्तक "सोपं आहे" म्हणेल आणि विझार्ड दुसऱ्या राउंडला जमिनीवर असेल: एसी १२, हिट पॉइंट ८, गॉब्लिनचा वार +४ ने, म्हणजे ६५ टक्के वेळा लागतो, सरासरी ५ चा. दोन वार, खेळ खलास.

थोडक्यात: पुस्तिका घ्या, हँडबुक सोडा. पुस्तिकेतल्या गॉब्लिनच्या जागी एसआरडीतला गॉब्लिन वॉरियर ठेवा. एसी तोच १५, हिट पॉइंट १०. पुढे गुहेत बगबेअर नावाचा एक तगडा राक्षस येतो, पुस्तिकेत त्याचा वार २डी८+२, सरासरी ११. पहिल्या लेव्हलला तो कुणालाही एका फटक्यात झोपवू शकतो. तिथे पोचेपर्यंत खेळाडूंना एक लांब विश्रांती घेऊ द्या.

तलावपाळी
खारफुटी, जबरदस्त. वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक भर. सेकंडहँडवाल्याकडून काहीही घेताना कॉपीराइटच्या पानाचा फोटो मागा. दोन्हींचं नाव "प्लेयर्स हँडबुक"च. २०१४ च्या कव्हरवर आगीचा राक्षस, २०२४ च्या कव्हरवर सोनेरी ड्रॅगन. विकणाऱ्यालाही बरेचदा फरक माहीत नसतो.

घोडबंदरकर
पटलं. मग चार कॅरेक्टर मी आधीच बनवून नेऊ की पहिला रविवार त्यात घालवू? आणि मिनिएचरचं काय?

पारसिक_बोगदा
बनवून न्या. खेळाडूंना नाव, वंश आणि स्वभाव ठरवू द्या, आकडे तुम्ही भरा. १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरीव आकडे घ्या, फाशाने टाकू नका. एकाला १७ आणि एकाला ११ आले की रुसवे सुरू.

फायटर, सोल्जर: ताकद १५ अधिक २, म्हणजे १७, मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +३. कॉन्स्टिट्यूशन १४ अधिक १. चेन मेल, एसी १६. ग्रेटसोर्ड, हल्ला +५, मार २डी६+३. या तलवारीची मास्टरी (शस्त्राचा खास गुण) ग्रेझ, म्हणजे वार चुकला तरी ३ चा मार बसतोच. नवख्यासाठी याहून चांगला नियम नाही, कारण टर्न कधी फुकट जात नाही. हिट पॉइंट १२. सेकंड विंडच्या (स्वतःला सावरून घेण्याच्या) दोन चौकटी शीटवर मोठ्या काढा, नाहीतर कुणाला आठवत नाही.

क्लेरिक, अकोलाइट: डिव्हाइन ऑर्डरमध्ये प्रोटेक्टर घ्या म्हणजे जड चिलखत चालतं. चार स्पेल तयार ठेवता येतात: ब्लेस, क्युअर वूंड्स, हीलिंग वर्ड, गायडिंग बोल्ट. बास.

रोग, क्रिमिनल: स्नीक अटॅक कधी लागतो ते दोन ओळींत शीटवरच लिहा. अॅडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा धरणं) असेल तर, किंवा शत्रूच्या पाच फुटांत आपला धडधाकट माणूस असेल आणि स्वतःला डिसअॅडव्हांटेज नसेल तर. हा प्रश्न दर टर्नला येतो.

अडतो विझार्ड. पुस्तकात सहा स्पेल, तयार चार, कँट्रिप (हवे तितक्या वेळा टाकता येणारे साधे स्पेल) तीन. वर सेज बॅकग्राउंड आणखी दोन कँट्रिप आणि एक स्पेल देतं. नवखा माणूस ती यादी बघून थिजतो. तुम्ही निवडून द्या: मेज आर्मर, शील्ड, मॅजिक मिसाइल, स्लीप, आणि प्रत्येकाची एक चिठ्ठी. मेज आर्मर सकाळीच टाकला असं धरून एसी १५ लिहून टाका. एक स्लॉट (दिवसात स्पेल टाकायची एक संधी) गेला हे मात्र खोडायला विसरू नका.

खारफुटी
मिनिएचर नकोत. पण कॅरमच्या सोंगट्या आणण्याची चूक सगळे करतात. सोंगटी तीन सेंटिमीटरच्या वर असते आणि चौकट एक इंचाची, म्हणजे अडीच सेंटिमीटर. दोन सोंगट्या शेजारी बसत नाहीत आणि कोण कुठल्या चौकटीत यावर वाद. सोंगट्याच वापरायच्या तर साडेतीन सेंटिमीटरच्या चौकटी आखा. स्टेशनरीवाल्याकडच्या २२ बाय २८ इंचाच्या चार्ट पेपरवर १५ बाय २० चौकटी बसतात, म्हणजे ७५ बाय १०० फूट. एका खोलीला आणि बाहेरच्या वाटेला पुरे. एक इंचाच्याच चौकटी हव्यात तर एक रुपयाची नाणी, वर स्टिकर लावून आकडे. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, ते बाहेर येतं.

एक चौकट पाच फूट, साधी चाल सहा चौकटी. पुठ्ठ्याची उभी चित्रं करू नका, क्लबहाउसचे पंखे ती उडवतात.

शिळफाटा
प्रिंटबद्दल: साडेतीनशे पानं छापू नका. "प्लेइंग द गेम" हा भाग, रूल्स ग्लॉसरी, चार क्लासची पहिल्या तीन लेव्हलपुरती पानं, आणि लागणारे मॉन्स्टर. स्पेल चिठ्ठ्यांवर. ग्लॉसरी स्पायरल करून टेबलाच्या मध्ये, कारण प्रोन, ग्रॅपल्ड, फ्राइटन्ड असल्या सगळ्या अवस्था तिथेच आहेत. पाठपोट झेरॉक्स किंवा लेझर. पावसाळ्यात इंकजेटची शाई दमट हातांनी पसरते आणि सगळ्यात आधी हिट पॉइंटची चौकट पुसली जाते.

पारसिक_बोगदा
तीन तासांचं गणितही देऊन ठेवतो. पहिली २५ मिनिटं शीटची ओळख: फक्त डी२०, मॉडिफायर, एसी, हिट पॉइंट. बाकी येईल तेव्हा. मग थेट गाडीवाटेवर, छाप्याआधी दोन साध्या चाचण्या करवा, कुणी झाडी न्याहाळेल, कुणी ठसे बघेल. फासा टाकायची सवय होते. छाप्याला चाळीस ते पन्नास मिनिटं धरा. चारातले दोन पडले की उरलेले पळवा, जुनी_वहींचा मोराल इथे खुशाल उसना घ्या. पावणेसातला थांबा, लढाईच्या मधोमध थांबू नका. पुढच्या रविवारी कुणाचे किती हिट पॉइंट होते यावर एकमत होत नाही.

जुनी_वही
चला, निदान मोराल तरी घेतला. तो चार्ट पेपर फेकू नका, मशालींचा हिशोब एक दिवस लागेलच.

घोडबंदरकर
ठरलं. एसआरडी ५.२, ती साहसपुस्तिका, चार तयार कॅरेक्टर. हँडबुक घेत नाही. शेवटचा प्रश्न: फासे किती घेऊ? एका सेटमध्ये सात येतात, पाच सेट घ्यावे लागतील का?

खारफुटी
दोन सेट पुरे, पण डी२० माणशी दोन हवेत, कारण अॅडव्हांटेजला दोन एकदम टाकायचे असतात. सुटे डी२० मिळाले नाहीत तर फोनवरचं फाशांचं अॅप चालतं. डी६ घरच्या ल्यूडोतले आणा, ग्रेटसोर्डवाल्याला दोन द्या आणि दोन रोगला. डी४ ओळखीचा करून ठेवा: काही फाशांवर आकडा वरच्या टोकाशी वाचतात, काहींवर तळाच्या कडेशी. तिन्ही उभ्या बाजूंवर जो आकडा सरळ दिसतो, तोच धरायचा.